सायन आणि निरयन : राशिचक्राचा आरंभ कोठे?

मकरसंक्रांतीच्या दिवशी आपण एकमेकांना तिळगूळ देतो आणि आजपासून उत्तरायण लागले असे मोठ्या श्रद्धेने म्हणतो. हा दिवस हल्ली १४ किंवा १५ जानेवारीला येतो. परंतु एखाद्याने अंगणात काठी रोवून तिची माध्यान्हीची सावली हिवाळाभर मोजली, तर ती २१ किंवा २२ डिसेंबरला सर्वांत लांब पडते आणि तेव्हापासून आखडू लागते, असे त्याला आढळून येईल. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळतो तो संक्रांतीच्या सुमारे चोवीस दिवस आधी. काठीची सावली खोटे बोलत नाही आणि पंचांगकर्त्याचे गणितही चुकलेले नसते. मग दोहोंमध्ये ही तफावत पडली कशी? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात सायन आणि निरयन ह्या दोन्ही पद्धतींचे मर्म साठवलेले आहे.

प्रथम रास म्हणजे काय ते पाहू. सूर्य वर्षभरात तारकांमधून ज्या मार्गाने फिरताना दिसतो त्या मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात. ह्या वर्तुळाचे ३६० अंश; त्यांचे प्रत्येकी ३० अंशांचे बारा समान भाग केले की बारा राशी होतात. आकाशात मेंढा, बैल, सिंह, विंचू अशा ज्या आकृती आपण कल्पितो त्या तारकासमूहांची नावे ह्या भागांना मिळाली आहेत. पण समूह निराळा आणि रास निराळी. समूह लहानमोठे आहेत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२८ मध्ये तारकासमूहांच्या सीमा ठरविल्या. त्यांप्रमाणे सूर्य कन्या समूहात सुमारे ४५ दिवस राहतो, वृश्चिकात जेमतेम आठवडाभर. शिवाय भुजंगधारी ह्या तेराव्या समूहातूनही तो जातो. राशी मात्र बाराच आणि सारख्या लांबीच्या. रास हे आकाशातील चित्र नव्हे, ते आकाश मोजण्याचे माप आहे.

माप म्हटले की ते कोठून मोजावयाचे हे आधी ठरवावे लागते, आणि येथेच अडचण उभी राहते. रस्त्याला आरंभ असतो. वर्तुळाला तो नसतो. क्रांतिवृत्तावर मेषारंभाची खूण सृष्टीने कोरून ठेवलेली नाही. ती मनुष्याने ठरवावयाची असते, आणि ती ठरविण्याचे दोन सयुक्तिक मार्ग आहेत.

पहिला मार्ग ऋतूंचा. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना विषुववृत्त ओलांडतो तो क्षण २० किंवा २१ मार्चला येतो. त्या दिवशी दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. क्रांतिवृत्तावरील ह्या बिंदूला वसंतसंपात म्हणतात. मेषारंभ ह्या बिंदूपाशी धरला की सायन राशिचक्र होते. त्यात कर्कारंभ म्हणजे दक्षिणायनाचा आरंभ आणि मकरारंभ म्हणजे उत्तरायणाचा आरंभ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपले ग्रंथ ह्याच पायावर रचले, आणि पाश्चात्त्य ज्योतिष आजही त्याच पायावर उभे आहे. दुसरा मार्ग तारकांचा. एखादी स्थिर तारका निवडावी आणि तिच्या संबंधाने मेषारंभ कायमचा बांधून टाकावा. हे निरयन राशिचक्र. आपल्याकडील बहुतेक पंचांगे ह्या पद्धतीची आहेत.

संपातबिंदू जागच्या जागी राहता तर हा भेद केवळ नावापुरता उरला असता. पण तो सरकतो. पृथ्वी पुरी गोल नाही. विषुववृत्तापाशी ती थोडी फुगलेली आहे. ह्या फुगवट्यावर सूर्य व चंद्र ह्यांची ओढ पडते आणि वेग मंदावू लागलेल्या भोवऱ्याची आर जशी डोलू लागते तसा पृथ्वीचा अक्ष डोलतो. त्याचा एक फेरा सुमारे २५,८०० वर्षांनी पुरा होतो. त्यामुळे संपातबिंदू तारकांमधून दरवर्षी सुमारे ५० विकला, म्हणजे सुमारे ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. ह्यालाच अयनचलन म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस ह्या ग्रीक ज्योतिर्विदाने चित्रा तारकेचे स्थान दीडशे वर्षांपूर्वीच्या वेधांशी ताडून पाहिले, तेव्हा त्याला सुमारे दोन अंशांचे अंतर आढळले आणि ह्या गतीचा शोध लागला. दोन्ही मेषारंभांमधील अंतराला अयनांश म्हणतात. आज प्रचलित चित्रापक्षाप्रमाणे हे अयनांश २४ हून किंचित अधिक आहेत. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो. तेव्हा आरंभी पाहिलेले चोवीस दिवस म्हणजे हेच चोवीस अंश होत.

ह्या चलनाचा परिणाम इतिहासातही दिसतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा. ती तारीख होती १२ जानेवारी. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले आणि ते संक्रांतीलाच झाले अशी आपल्याकडे समजूत आहे. पण गणित करून पाहिले तर त्या वर्षीची संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेलेली होती, असे दिसते.

आता एक समज दूर केला पाहिजे. निरयन म्हणजे वैदिक व सायन म्हणजे परकीय, असे सरसकट बोलले जाते. इतिहास इतका सोपा नाही. वेदांत बारा राशी नाहीत. तेथे नक्षत्रे आहेत आणि त्यांची गणना कृत्तिकांपासून आहे. क्रांतिवृत्ताचे बारा समान भाग इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास बाबिलोनियात रूढ झाले, तेथून ते ग्रीकांकडे गेले आणि ग्रीकांच्या संपर्काने ते भारतात आले. वराहमिहिराच्या बृहज्जातकात मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, मिथुनाला जितुम, सिंहाला लेय अशी नावे आढळतात. ती मूळ ग्रीक शब्दांचीच संस्कृत रूपे होत. ज्ञान कोठूनही घ्यावे आणि आपले करावे, ह्यात त्या आचार्यांना काही कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या बाजूने, ऋतूंना धरून काल मोजणे हेही आपल्याकडे तितकेच प्राचीन आहे. तैत्तिरीय संहितेत मधु आणि माधव हे वसंताचे महिने, शुक्र आणि शुचि हे ग्रीष्माचे, अशी बारा महिन्यांची नावे आहेत. ती सर्वस्वी ऋतूंवर आधारलेली आहेत. चैत्र, वैशाख ही नावे पौर्णिमेच्या चंद्राजवळील नक्षत्रांवरून आली. म्हणजे ऋतूचा महिना आणि नक्षत्राचा महिना ही दोन्ही मापे आपल्या परंपरेत शेजारी शेजारी नांदत होती. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होते असे सांगितले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर स्पष्टच म्हणतो की, पूर्वी ते तसे होत असले पाहिजे, कारण शास्त्रात तसे लिहिले आहे. आज मात्र ते मकराच्या आरंभी होते. जुने वचन आणि नवा वेध ह्यांत अंतर पडले तेव्हा त्याने वेध प्रमाण मानला. त्याच्या काळी सायन आणि निरयन मेषारंभ जवळजवळ एकत्र होते. मकरसंक्रांत आणि उत्तरायण ह्यांची सांगड त्या युगात बसली आणि आपण ती तशीच पुढे चालवीत आलो.

ही सांगड सुटत आहे हे पुढील ज्योतिर्विदांना कळले नाही काय? अवश्य कळले. पण सूर्यसिद्धान्ताचे मत असे की, संपात एका बाजूस २७ अंशांपर्यंत जातो आणि झोपाळ्याप्रमाणे परत येतो. त्याचे गणित खरे मानले तर इसवी सन २२९९ च्या सुमारास तो मागे फिरावयास हवा. हे मत धरणाऱ्यास सण ऋतूंपासून दुरावण्याची चिंता उरत नाही, कारण गेलेला ऋतू परत येणारच. दहाव्या शतकातील मुंजालाने मात्र संपाताची गती एकाच दिशेची मानली. आज तीच गोष्ट सिद्ध झाली आहे. संपात परत येणार नाही. पुरा फेरा करील. हाच क्रम चालू राहिला तर सुमारे अकरा हजार वर्षांनी मकरसंक्रांत जूनच्या अखेरीस येईल आणि उत्तरायणाचा सण दक्षिणायनाच्या आरंभी साजरा करावा लागेल.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या प्रश्नावर मोठा वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग सिद्ध केले आणि रेवतीची तारका आरंभस्थान धरली. विसाजी रघुनाथ लेले ह्यांनी सायन पंचांगाचा कैवार घेतला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा अजोड ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचाही सायन पक्षालाच पाठिंबा होता. लोकमान्य टिळकांनी रेवतीपक्षाचा पुरस्कार केला. टिळक पंचांग आजही त्या पक्षाचे आहे. उलट व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे. चित्रा तारका ठळक आणि सहज ओळखता येणारी. रेवतीची तारका अंधूक, पण क्रांतिवृत्ताला अगदी लागून. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. ते क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामुळे काही वर्षी अधिक मास कोणता ह्याविषयीच मतभेद होतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्यांच्या घरी गणपती एक महिना आधी येतो. आरंभबिंदू हा मनुष्याने ठरविलेला आहे, ह्याचा ह्याहून घरगुती पुरावा कोणता असणार?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राष्ट्रापुढे आला. देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगे चालू होती. १९५२ मध्ये मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. निर्मलचंद्र लाहिरी तिचे चिटणीस होते, आणि नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हे सदस्यांपैकी होते. समितीचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय दिनदर्शिका तिने सायन केली : २२ मार्च १९५७ ह्या दिवशी १ चैत्र शके १८७९ मानून ती सुरू झाली. नक्षत्रांच्या गणितासाठी तिने चित्रापक्ष स्वीकारला व २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला धरले. सणांच्या महिन्यांसाठी तिची सूचना मोठी मार्मिक होती. आजवर ऋतूंपासून जितके अंतर पडले तितके राहू द्यावे, पण ह्यापुढे ते वाढू देऊ नये. म्हणजे २३ अंश १५ कला हे अंतर तेथेच गोठवावे. लाहिरींचे अयनांश देशभर रूढ झाले. ही सूचना मात्र बहुतेक पंचांगकर्त्यांनी स्वीकारली नाही, आणि संक्रांत अजूनही हळूहळू पुढे सरकत आहे.

राहता राहिला फलज्योतिषाचा प्रश्न. आपल्याकडे सामान्यतः माझी रास म्हणजे जन्मकाळच्या चंद्राची रास. पाश्चात्त्यांकडे ती सूर्याची. पण सूर्याचीच घेतली, तरी ५ एप्रिलला जन्मलेला मनुष्य सायनाने मेषेचा आणि निरयनाने मीनेचा ठरतो. दोन्ही शास्त्री त्याचा स्वभाव तितक्याच निःशंकपणे सांगतात. ह्यांपैकी कोणते भविष्य खरे ठरते, हे अयनांशांच्या वादातून कळणार नाही. ते अनुभवाच्या कसोटीवरच लावून पाहिले पाहिजे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २००८ मध्ये अशी कसोटी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या २७ ज्योतिष्यांना देऊन, कोणती कुंडली कोणत्या गटातील ते ओळखावयास सांगितले. बरोबर उत्तरे ४६ टक्के आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी ती निम्म्याच्या आसपास बरोबर आली असती.

फलिताची गोष्ट बाजूला ठेवली तरी गणिताचा प्रश्न उरतोच आणि तो आपल्या जीवनाशी निगडित आहे. सायन मापाने ऋतू सांभाळले जातात आणि तारका सुटतात. निरयन मापाने तारका सांभाळल्या जातात आणि ऋतू सुटतात. दोन्ही एकाच मापात सांभाळणे निसर्गानेच अशक्य करून ठेवले आहे. रात्री आकाशात चंद्र कोणत्या नक्षत्रापाशी आहे हे पाहावयाचे असेल तर निरयन माप उपयोगी. पेरणी केव्हा, वसंत केव्हा, दिवस केव्हा मोठा होऊ लागणार, हे जाणावयाचे असेल तर सायन माप उपयोगी. आपले सण हे मूळचे ऋतूंचे सण आहेत. त्यांचे ऋतूंशी असलेले नाते टिकवावयाचे की तारकांशी असलेले, हा निर्णय ग्रहतारे आपल्यासाठी करणार नाहीत. वराहमिहिराने जुने वचन समोर ठेवून आकाशाकडे पाहिले आणि जे दिसले ते लिहून ठेवले. तो निर्णय करताना आपणही तसेच वागलो, तर त्याची परंपरा आपण चालविली असे म्हणता येईल.