एकटीचे पान

पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी आणि पंचायत समिती तेथेच असल्याने खेड्यापाड्यांतून कामासाठी येणाऱ्यांची रोज वर्दळ असते. दुपारी दीडच्या सुमारास एखादी प्राथमिक शिक्षिका कचेरीतील काम आटोपून रस्त्यावर येते. घर सकाळी सातला सोडलेले, परतीच्या गाडीला अद्याप अर्धापाऊण तास अवकाश. तिच्याच मागोमाग बाहेर पडलेला, गावात तिच्याइतकाच अनोळखी असलेला एखादा लिपिक समोरच्या हॉटेलात शिरतो आणि राइस प्लेट मागवून मोकळा होतो. ती मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवरून बिस्किटांचा पुडा घेते आणि एसटीच्या निवाऱ्यात जाऊन बसते.

अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकाप्रमाणे येथे व्यवहार घडावयास हवा. मागणी आहे, क्रयशक्ती आहे, हाकेच्या अंतरावर पुरवठाही आहे. तरी व्यवहार घडत नाही. याचे कारण 'तिला धीर होत नाही' असे सांगितले जाते, आणि सारा दोष तिच्या स्वभावावर ढकलून समाज निश्चिंत होतो. हे उत्तर अपुरे आहे. एकट्याने बाहेर जेवताना संकोच वाटणे वा न वाटणे हे जेवणाऱ्याच्या धीटपणावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते जेवण देणाऱ्याने मांडामांड कशी केली आहे यावर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या शहरांना ही गोष्ट एके काळी पक्की ठाऊक होती.

आपल्याकडील भोजनाची कल्पना मुळात पंगतीची. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो यावरून माणसाची जात, पत आणि नाते यांचा निवाडा होई. अशा समाजात परक्या ठिकाणी एकट्याने जेवावे लागणे हे दैन्याचे लक्षण मानले गेले यात नवल नाही. पुण्यास शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून जेवे; त्यात मानहानी होती, पण अन्न कोणाच्या तरी घरचे होते. मुंबईच्या नोकरदाराने तर घरच डब्यात घालून कचेरीत मागविले. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबे पोचविण्याची ती विख्यात व्यवस्था ज्यांनी पुढे चालविली, ते लोक आले मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून. दुसऱ्याला घरचे जेवण मिळावे म्हणून मुळशीचा गडी स्वतःचे घर सोडून राहिला.

मुळशीचा मुंबईशी आणखीही एक संबंध आहे. 1921 साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते टाटा कंपनीचे धरण अखेर झालेच. त्याच्या पाण्यावर भिरा येथे 1927 पासून तयार होऊ लागलेली वीज मुंबईकडे गेली. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून राबत होते. त्यांच्या डब्याची सोय करणारे घर शहरात नव्हते. त्यांच्यासाठी खानावळ उभी राहिली.

खानावळीने एकट्या माणसाचा प्रश्न सोडविला, आणि तो कोणालाही धीटपणाचे धडे न देता सोडविला. दर माणशी, हिशेब महिन्याचा, ताटातले पदार्थ ठरलेले. काय मागवावे ही विवंचना नाही, 'आणखी कोणी येणार आहे का' ही पृच्छा नाही. शेजारी जो बसेल त्याच्याशी बोलावे वा न बोलावे. चालविणारीच्या दृष्टीनेही हा बेत शहाणपणाचा होता. उद्या किती पाने वाढावयाची हे आजच ठाऊक असल्याने पीठ मोजून मळता येई आणि अन्न वाया जात नसे. तेथे एकटा माणूस हा अपवाद नव्हता, तोच नियम होता. पुण्यामुंबईच्या इराण्याने हेच वेगळ्या रीतीने साधले. संगमरवरी टेबलाशी चार अनोळखी माणसे बसत आणि प्रत्येकाच्या पुढ्यात ज्याचा त्याचा चहा असे.

गिरणगावातील अशा अनेक खानावळी स्त्रियाच चालवीत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांच्या कचाट्यात सापडलेल्या या बायकांना संघटित करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचीच वाताहत झाली आणि खानावळींचे गिऱ्हाईक विस्कटले. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. डझनावारी एकट्या पुरुषांना रोज जेवू घालणाऱ्या या स्त्रियांपैकी कोणी एखादे दिवशी एकटी परगावी गेली असती, तर तिचे पान मांडणारी खानावळ तिला क्वचितच सापडली असती.

हॉटेलांनी स्त्रीसाठी सोय केली ती 'फॅमिली रूम'ची. लाकडी आडोसा, त्याला मळकट पडदा, आत दोन-तीन टेबले. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. किंबहुना या पडद्यामुळेच मध्यमवर्गीय गृहिणी प्रथम हॉटेलची पायरी चढली. पण शब्द पाहण्याजोगा आहे. मराठी बोलीत 'फॅमिली' म्हणजे बायको. 'फॅमिली माहेरी गेली आहे' असे सांगणारी पिढी अजून हयात आहे. म्हणजे कोणाची तरी फॅमिली म्हणून आलेल्या स्त्रीस आत जागा होती. एकट्या आलेल्या स्त्रीस काय म्हणावे याची पाटी कोणी रंगविलीच नाही. तिला पडद्याआड बसविले तर ती आत कोंडल्यासारखी, बाहेर बसली तर साऱ्या हॉटेलच्या नजरा तिच्यावर. पुढे परमिट रूम आल्या आणि बाहेरची जागाही तिला परकी झाली.

येथे राज्यघटनेचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेथील प्रवेशास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांपैकी कोणत्याही एवढ्याच कारणावरून आडकाठी करता येणार नाही, असे तो सांगतो. उपाहारगृहासारखी किरकोळ वाटणारी गोष्ट घटनेत का यावी, हे गावच्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. तो भेद मोडावयास 1955 साली स्वतंत्र फौजदारी कायदा करावा लागला, आणि तेवढ्यानेही तो सर्वत्र मोडला असे नव्हे. स्त्रीच्या बाबतीत तर दाराशी कोणी अडवीतच नाही. अडविते ती नजर, आणि नजरेवर खटला भरता येत नाही.

आजची स्थिती काय आहे? चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करीत ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता हॉटेलांची रांग लागलेली आहे. 'घरगुती जेवण', 'चुलीवरचे मटण', 'फॅमिली गार्डन' अशा पाट्या पावसाळ्यात गर्दी खेचतात. ज्या तालुक्याचा आंबेमोहोर नावाजला गेला, त्या तालुक्यात एकट्या माणसाला मूठभर वरणभात मात्र सुखाने खाता येत नाही. भाजीची एक प्लेट दोघातिघांना पुरेल एवढी. तिच्यावर पैसे खर्चून निम्मी टाकून द्यावयाची. टेबले चौघांची वा सहाजणांची. रविवारी दुपारी असे टेबल एकट्याने अडविले की मालकाचा चेहरा उतरतो, आणि त्यालाही दोष देता येत नाही. रिकामी खुर्ची ही साठवून ठेवता न येणारी वस्तू आहे; रविवारची वाया गेलेली खुर्ची सोमवारी विकता येत नाही. पण यावर उपाय आहे तो लहान टेबलाचा. एकट्याला मिळणारी अवकळा हा उपाय नव्हे.

याच तालुक्यातील हिंजवडीत महामंडळाने उभारलेल्या माहिती-तंत्रज्ञान नगरीमुळे विदर्भ-मराठवाड्यापासून परप्रांतापर्यंतच्या तरुण-तरुणी एकेकट्या येऊन राहिल्या आहेत. गिरणगावाचा प्रश्न नव्या पोशाखात परत आला आहे; फरक एवढाच, की त्यात आता मुलीही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी मोबाईलवरून जेवण खोलीवर मागविण्याचा मार्ग पत्करला. सोय झाली हे खरे. पण पुडके उघडून खाटेवर बसून खाणे आणि चार माणसांत आपले ताट घेऊन बसणे यांत जो फरक आहे, तो किमतीच्या पावतीत दिसत नाही. कामानंतरची ती अर्धी घटिका शहराशी जडणाऱ्या ओळखीची असते.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असेही नाही. दक्षिण कोरियात मांस भाजून खाण्याच्या अनेक उपाहारगृहांत दोन माणसांपेक्षा कमी मागणी घेत नसत. एकट्याने जेवण्यासाठी तेथे 'होनबाप' हा शब्द रूढ झाला तो अलीकडच्या काळात. जपानमध्ये शेवयांच्या दुकानात लांब फळीपुढे एकेरी बैठका असतात, अनेक ठिकाणी दाराशीच यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यावयाची, बोलण्याचेही कारण नाही. जपानी माणूस जात्या अधिक धीट असतो, असे यावरून कोणी म्हणणार नाही.

पौडच्या हॉटेलवाल्यास जपानला जाण्याचे कारण नाही. भिंतीलगत दोघांपुरती तीन-चार टेबले, बाहेरून वाचता येईल अशी दर लिहिलेली पाटी, अर्ध्या प्लेटची सोय, आणि स्त्रियांसाठी कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह, एवढ्याचा खर्च काही फार नाही. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत आधी करावयास हवी. प्रवासात अनेक स्त्रिया पाणीसुद्धा मोजून पितात, मग जेवणाची गोष्ट दूरच. गल्ल्यावर किंवा वाढपात एखादी बाई असली तर आत येणारीला फार काही सांगावे लागत नाही. तहसील कचेरीच्या कामासाठी येणाऱ्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका, परिचारिका यांची संख्या पाहता हे गिऱ्हाईक लहान नाही. ते रोज हॉटेलच्या दारावरून जाते.

दोनच्या गाडीत ती शिक्षिका खिडकीजवळ बसते तेव्हा पुड्यात चार बिस्किटे उरलेली असतात. घरी पोचावयास साडेतीन होतात, आणि मग ती पोळ्या लाटावयास घेते.