स्कॅनर का अडतो? : लिनक्सवरील एक अनुभव

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक जुना स्कॅनर आहे. एका निवृत्त शिक्षकांनी तो दिला. अभ्यासिकेच्या संगणकावर आम्ही डेबियन लिनक्स बसवले, तेव्हापासून हा स्कॅनर चालेना. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर त्यांनी सांगितले, "याचा ड्रायव्हर आता येत नाही. भंगारात द्या." मुलांनीही ते मान्य केले. "सर, मशीन मेली," असे एकाने मला सांगितले.

मशीन मेली नव्हती. ती काय बोलते ते ऐकणारे कुणी नव्हते, एवढेच. प्रस्तुत लेखात मी हे ऐकणे कसे जमवायचे ते सांगणार आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही, शाळामास्तर आहे. परंतु जे मला चार संध्याकाळी बसून कळले ते कुणालाही कळू शकते, असा माझा अनुभव आहे.

आधी हा खटाटोप कशासाठी ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे दोन प्रकारचे कागद आहेत. पहिले विद्यार्थ्यांचे : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका. शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावरून भरावे लागतात आणि प्रत्येक कागदाची प्रतिमा ठरावीक आकारमानातच द्यावी लागते. बाहेर स्कॅन केले तर पानागणिक पैसे पडतात, आणि फाइल मोठी झाली म्हणून अर्ज स्वीकारला गेला नाही तर पुन्हा पैसे. दुसरे कागद म्हणजे चळवळीतील लहान नियतकालिकांचे अंक, पत्रके, संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका. हे कार्यकर्त्यांच्या लोखंडी पेट्यांत पडून आहेत. कागद पिवळा पडला आहे, घडीवर तुटतो आहे. अशा एखाद्या अंकाची ती शेवटची प्रतही असू शकते. म्हणून स्कॅनर ही आमच्या दृष्टीने चैनीची वस्तू नाही.

१. ड्रायव्हर म्हणजे काय?

स्कॅनरमध्ये एक दिवा, प्रकाश मोजणारी एक पट्टी आणि ती सरकवणारी मोटर असते. दिवा केव्हा लावायचा, पट्टी किती सरकवायची, मोजलेले आकडे कसे पाठवायचे, हे संगणकाला सांगावे लागते. प्रत्येक कंपनीची, कित्येकदा एकाच कंपनीच्या प्रत्येक नमुन्याची, ही भाषा वेगळी असते. ती जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. अनेक कंपन्या विंडोजसाठी दुभाषी देतात, पण भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करीत नाहीत. पुढे कंपनीने तो दुभाषी नव्या विंडोजसाठी तयार करणे थांबवले, की धडधाकट यंत्र निरुपयोगी ठरते.

हे दुखणे जुने आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता रिचर्ड स्टॉलमन यांना मिळू शकली नाही, म्हणून त्यातील उणीव त्यांना दुरुस्त करता आली नाही. अशा अनुभवांतून त्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. स्कॅनरसाठी याच परंपरेतील प्रकल्प १९९६ पासून चालू आहे. त्याचे नाव 'सेन', म्हणजे 'स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी'.

सेनची रचना दोन भागांची आहे. मागचा भाग, बॅकएंड, यंत्राशी बोलतो. पुढचा भाग, फ्रंटएंड, माणसाशी बोलतो. जेनेसिस, प्लस्टेक, पिक्स्मा, एपसन२, स्नॅपस्कॅन ही काही बॅकएंडची नावे. एकेक बॅकएंड अनेक नमुने चालवतो. त्यामुळे विंडोजप्रमाणे प्रत्येक यंत्राची तबकडी शोधावी लागत नाही. बहुतेक सारे दुभाषी एकाच संचात आधीपासून बसलेले असतात. डेबियन किंवा उबुंटूवर 'सेन-युटिल्स' आणि 'सिंपल-स्कॅन' हे दोन संच बसवले की साधने हाती येतात. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत लहान अक्षरांत टंकायच्या.)

२. चार प्रश्न

स्कॅनर चालत नाही, हे निदान नव्हे. चालत नाही म्हणजे नेमके कोठे अडते? त्यासाठी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. क्रम सोडला की माणूस भरकटतो. मी स्वतः पहिल्या दोन संध्याकाळी असाच भरकटलो होतो.

पहिला प्रश्न : यंत्र संगणकाला दिसते काय? काही स्कॅनरच्या बुडाशी किंवा कडेला पट्टी जागेवर धरून ठेवणारे एक कुलूप असते; वाहतुकीत हादरे बसू नयेत म्हणून ते लावतात. ते उघडे आहे ना हे प्रथम पाहावे. मग केबल. पुष्कळसे पातळ स्कॅनर यूएसबीतूनच वीज घेतात, म्हणून मध्ये जोडपट्टी न ठेवता ते थेट संगणकाला जोडावेत. आमची पहिली चूक येथेच होती. नंतर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या यंत्रांची यादी येते आणि प्रत्येकापुढे चार-चार चिन्हांचे दोन गट असतात. पहिला गट कंपनीचा : कॅननचा ०४ए९, एपसनचा ०४बी८, एचपीचा ०३एफ०. दुसरा नमुन्याचा. हा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. यंत्राचे खरे नाव तेच. डब्यावरचे नाव फसवू शकते.

दुसरा प्रश्न : त्याची भाषा जाणणारा दुभाषी आहे काय? सेन प्रकल्प यंत्रांची यादी प्रसिद्ध करतो. त्यात प्रत्येक नमुन्यापुढे बॅकएंडचे नाव आणि तो पूर्ण चालतो, चांगला चालतो, जुजबी चालतो की मुळीच चालत नाही, असा शेरा असतो. जुना स्कॅनर विकत घेण्यापूर्वी ही यादी पाहिली तर पैसे वाया जात नाहीत. आमच्या यंत्रापुढे 'चांगला' असा शेरा होता. ज्याला भंगार म्हटले गेले, ते चालते असे जगात कुणीतरी तपासून लिहून ठेवले होते.

यानंतर दोन आज्ञा द्यायच्या. 'सेन-फाइंड-स्कॅनर' ही केवळ स्कॅनरसारखे काही जोडले आहे काय ते पाहते. 'स्कॅनइमेज', पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि मोठा एल, ही आज्ञा एखादा बॅकएंड ते यंत्र उघडू शकतो काय ते सांगते. पहिलीला यंत्र दिसले आणि दुसरीला दिसले नाही, तर दोष केबलमध्ये नाही, पुढे आहे. 'ईटीसी' विभागातील 'सेन.डी' या कप्प्यात 'डीएलएल.कॉन्फ' नावाची फाइल असते. तिच्यात बॅकएंडची नावे ओळीने असतात. ज्या ओळीच्या आरंभी जाळीसारखे हॅश चिन्ह असेल तो बॅकएंड बंद समजावा. चिन्ह काढले की तो जागा होतो.

तिसरा प्रश्न : परवानगी आहे काय? दुसरी आज्ञा 'सुडो' लावून, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने, पुन्हा द्यावी. आता स्कॅनर सापडला आणि साध्या खात्याला सापडत नसेल, तर दोष परवानगीचा. आमचे खरे अडणे हेच होते. यंत्र ठीक, दुभाषी ठीक. मुलांच्या खात्याला हात लावण्याची मुभा तेवढी नव्हती. वस्तू समोर दिसते, पण तिला शिवायचे नाही, या स्थितीचा अर्थ या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे अनेकजण एक सोपी पळवाट काढतात : दरवेळी व्यवस्थापकाच्या नावाने स्कॅन करायचे. हे मला मान्य नाही. त्यात धोका आहे, कारण त्या अधिकाराने झालेली चूक साऱ्या संगणकाला भोवते. शिवाय मुले कायम दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहतात. खरा उपाय नियमात आहे. डेबियनमध्ये 'स्कॅनर' नावाचा एक गट असतो. 'युजरमॉड' या आज्ञेने, लहान ए आणि मोठा जी ही अक्षरे लावून, खात्याचे नाव त्या गटात घालावे. लहान ए विसरू नये, नाहीतर खाते इतर गटांतून बाहेर पडते. मग खात्यातून पूर्ण बाहेर पडून पुन्हा आत यावे, कारण नवे सदस्यत्व तेव्हाच लागू होते. आमचा स्कॅनर त्या संध्याकाळी चालू झाला.

चौथा प्रश्न : यंत्राला आणखी काही हवे आहे काय? काही स्कॅनरना सुरू होताच कंपनीची एक फाइल, फर्मवेअर, भरवावी लागते. स्नॅपस्कॅन बॅकएंडच्या काही नमुन्यांत ती आपल्या तबकडीवरून काढून तिचा पत्ता 'स्नॅपस्कॅन.कॉन्फ'मध्ये लिहावा लागतो. एचपीच्या काही यंत्रांना 'एचपी-प्लगइन' ही जोड लागते. म्हणजे मुक्त घरातही एखादी बंद पेटी राहतेच, आणि ती आहे हे आपण विसरू नये.

नव्या यंत्रांची वाट थोडी वेगळी आहे. ईएससीएल ही समाईक भाषा बोलणारी यंत्रे 'सेन-एअरस्कॅन' या बॅकएंडने स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय चालतात. वायफायवर ती सापडत नसतील, तर दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर आहेत काय आणि फायरवॉल आड येते काय ते पाहावे. यूएसबीवर असे यंत्र 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा आपल्या ताब्यात घेते. मग जुन्या बॅकएंडला ते मिळत नाही. दोहोंपैकी एकच वाट ठेवावी.

३. चालू झाल्यावर

जुन्या अंकांसाठी आम्ही ३०० डीपीआय ठेवतो. ए-फोर पानाची प्रतिमा तेव्हा २४८० बाय ३५०८ बिंदूंची होते. रंगीत असेल तर दाबण्यापूर्वी सुमारे २६ मेगाबाइट. जतनासाठी टिफ किंवा पीएनजी, अर्जासाठी लहान केलेली जेपेग. ठिसूळ कागद पाने ओढणाऱ्या यंत्रात घालू नये. काचेवर हाताने ठेवावा. टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्राम मराठी छापील अक्षरे ओळखतो, परंतु खिळ्यांच्या जुन्या छपाईत तो चुकतो. वाचून तपासणारा माणूस लागतोच.

आम्ही वरील चार प्रश्न एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून स्कॅनरशेजारी टांगले आहेत. खाली यंत्राचा क्रमांक आणि बॅकएंडचे नाव आहे. ज्या मुलाने मशीन मेली असे सांगितले होते, तोच आता नव्या मुलांना हा पुठ्ठा समजावून देतो. एखादे यंत्र, किंवा एखादा माणूस, निकामी आहे असा निकाल कुणी दिला की तो कशाच्या आधारे दिला हे विचारावे. आपापल्या वस्तीत, वसतिगृहात, शाळेच्या कपाटात असा एखादा स्कॅनर धूळ खात असेल. तो बाहेर काढावा, पहिला प्रश्न विचारावा, आणि पेटीतला पहिला अंक काचेवर ठेवावा.