शाळेच्या छोट्या सर्व्हरचें जाळें

संगणक विकत घेणें सोपें आहे. परंतु अनेक संगणकांस एका सर्व्हरशीं जोडणारें जाळें उभारणें तितकें सोपें नाहीं. त्याचा बराचसा भाग भिंतींत दडलेला असतो, आणि जें डोळ्यांस दिसत नाहीं तेथेंच काटकसर करण्याचा मोह होतो. आमच्या वणीच्या आसमंतांत कोळशाच्या खाणी आहेत व उन्हाळ्यांत ऊन असह्य होतें. येथें असली काटकसर फार लवकर अंगलट येते.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची सेवा करणारा संगणक. ‘किविक्स’ या विनामूल्य साधनानें त्यावर मराठी विकिपीडियाची प्रत ठेवितां येते, व बाहेरचें इंटरनेट बंद असलें तरी मुलांस ती वाचतां येते. आतां समजा, २० मुलांनीं त्यावरील एकेक चित्रफीत एकाच वेळीं उघडली व प्रत्येकीस सेकंदाला ८ मेगाबिट लागले. एकूण १६० झाले. स्विचचा प्रत्येक पोर्ट १०० मेगाबिटांचाच असेल, तर सर्व्हरची एकुलती एक तार तुंबलीच म्हणून समजावें. हौद भरलेला, पण तोटी अरुंद! यास्तव स्विच १ गिगाबिटचाच घ्यावा. २० संगणकांस २४ पोर्ट पुरेत. तो बिनपंख्याचा असल्यास उत्तम, कारण पंखा आपल्याबरोबर धूळही आंत ओढतो. गुणपत्रकें व फीचे हिशेब मुलांच्या जाळ्यापासून अलग राखावयाचे असतील, तरच अधिक किंमतीचा ‘मॅनेज्ड’ स्विच घ्यावा.

खरी फसगत होते ती तारेंत. ‘कॅट ६’ जातीची अस्सल तांब्याची तार १०० मीटरांपर्यंत १ गिगाबिट वाहून नेते. बाजारांत तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. ती स्वस्त व वजनास हलकी असते; परंतु विजेस अधिक विरोध करिते, वांकविली असतां लवकर तुटते, आणि तिच्यांतूनच कॅमेऱ्यास वीज पुरविल्यास अधिक तापते. तारेचें टोंक चाकूनें खरवडून पाहावें. आंत रुपेरी रंग दिसला तर ती परत करावी. स्विच पांच वर्षांनीं बदलतां येईल, भिंतींतील तार बदलावयाची तर भिंत फोडावी लागेल. दोन इमारतींमध्यें मात्र तांब्याची तार नकोच. तेथें धातूचें कवच नसलेली कांचतंतूची तार टाकावी, म्हणजे पावसाळ्यांत वीज कोसळली तरी तिचा झटका त्या मार्गानें सर्व्हरपर्यंत येत नाहीं.

वीज गेल्यावर सर्व्हर सांवरून धरणारा यूपीएस पत्र्याच्या छपराखालीं कधींही ठेवूं नये. शिसें व आम्ल यांची बॅटरी, उष्णता सुमारें १० अंशांनीं वाढली कीं, जवळजवळ निम्मेंच आयुष्य जगते. नवी बॅटरी ही दर दोनतीन वर्षांची ठरीव बाब धरावी.

सर्व्हर वगळून उरलेल्या प्रत्येक १०० रुपयांची वांटणी मी अशी करीन : तार, सॉकेट व मजुरी ३५, स्विच व वायफायचें यंत्र २५, यूपीएस २५, आणि १५ शिल्लक, बॅटरी व दुरुस्ती यांकरितां. हे आंकडे कांहीं शास्त्राचे नव्हेत. इमारत लांबलचक असेल तर तारेचा वांटा वाढेल.

पालकांपुढें अंदाजपत्रक येईल तेव्हां त्यांनीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. दरांत १८ टक्के जीएसटी धरिला आहे काय? तारेच्या जातीचा उल्लेख लेखी आहे काय? आणि काम संपल्यावर प्रत्येक जोडणी यंत्रानें तपासून तिचा निकाल कागदावर मिळेल काय? शेवटचें देयक तो कागद हातीं पडल्यावरच चुकतें करावें.