रस्ता कुठे कच्चा राहिला, हे रोलर सांगू शकतो

जुलै महिन्यात परदेशस्थ मराठी माणसाच्या भ्रमणध्वनीवर दोन प्रकारची छायाचित्रे हमखास येतात. एक हिरव्यागार घाटाचे आणि दुसरे गावाकडच्या रस्त्यावरील खड्ड्याचे. दुसऱ्या छायाचित्राखाली बहुधा एकच प्रश्न असतो : ‘तुमच्याकडे असे का होत नाही?’ प्रामाणिक उत्तर असे, की आमच्याकडेही होते. अमेरिकेच्या ईशान्य भागात भेगांमध्ये शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि मार्च उजाडेपर्यंत रस्ते फोडते. पाऊस असो वा बर्फ, शत्रू पाणीच; आणि त्याला आत शिरायला वाट मिळते ती बहुधा रस्त्याच्या थरांत राहून गेलेल्या पोकळीतून. काम चालू असतानाच ही कच्ची जागा दाखवून देणारे रोलर आता भारतीय महामार्गांवरही येऊ लागले आहेत. ते नेमके काय मोजतात, काय मोजू शकत नाहीत आणि त्यांच्या नोंदी कोणाच्या हाती राहतात, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

न दिसणारा दोष

रस्ता म्हणजे एकावर एक रचलेले आणि दाबलेले थर. खाली मातीचा वा मुरुमाचा भराव, त्यावर खडी आणि सर्वांत वर डांबरमिश्रित खडी. प्रत्येक थराची दबाई योग्य झाली, तरच वरचा भार खालपर्यंत समान पोहोचतो. माती दाबताना तिच्यात पाणी किती असावे, याचे शास्त्र लॉस एंजेलिसमधील अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडले. पाणी कमी पडले तर कण एकमेकांवर सरकत नाहीत. जास्त झाले तर पाणीच कणांमधील जागा अडवून बसते. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत याच तत्त्वावरील चाचणी होते.

डांबराच्या थराला मात्र वेळेचे बंधन असते. मिश्रण साधारणतः १५० अंश सेल्सिअसच्या आसपास अंथरले जाते आणि ते ८० अंशांच्या जवळ उतरले, की त्यावर रोलर कितीही फिरवला तरी फारसा उपयोग होत नाही. थर पातळ असेल आणि रात्रीचा गार वारा सुटला असेल, तर हा अवधी काही मिनिटांचाच उरतो. नेहमीच्या मिश्रणात दबाईनंतर सुमारे ७ टक्के पोकळी राहणे स्वीकारार्ह मानतात. त्याच्या पुढे पोकळी जसजशी वाढते, तसतशा हवेच्या जागा एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला वाट मिळते. त्या मर्यादेनंतर दर १ टक्का जादा पोकळीमागे रस्त्याचे आयुष्य सुमारे एक दशांशाने घटते, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. पहिल्या दिवशी मात्र चांगला आणि वाईट असे दोन्ही रस्ते सारखेच काळेभोर आणि गुळगुळीत दिसतात.

हा दोष शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे तयार रस्त्यातून नळकांड्याच्या आकाराचे नमुने कापून काढणे. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. साडेतीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेचा १ किलोमीटर म्हणजे ३,५०० चौरस मीटर क्षेत्र. त्यातून १५० मिलिमीटर व्यासाचे दहा कोअर काढले, तरी तपासलेले क्षेत्र पाव चौरस मीटरही भरत नाही. उरलेला सारा रस्ता आपण विश्वासावर स्वीकारतो.

रोलर कसा ऐकतो?

रोलर फिरत असतानाच जमिनीची स्थिती मोजता येईल, ही कल्पना १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये आकाराला आली. हाइन्झ थर्नर यांनी कंपन करणाऱ्या रोलरच्या ड्रमवर त्वरणमापक बसवून प्रयोग केले. त्यामागचा विचार सोपा आहे. गादीवर चेंडू आपटला आणि फरशीवर आपटला, तर दोन्ही वेळा हाताला निराळा प्रतिसाद मिळतो. ड्रमचेही तसेच होते. जमीन मऊ असेल तोवर त्याचे कंपन संथ, एकसारख्या लाटेसारखे असते. जमीन घट्ट होत जाते, तशी ती लाट विस्कटते आणि तिच्यात मूळ वारंवारितेच्या पटीतील उपकंपने मिसळू लागतात. या बदलाचे प्रमाण मोजले, की जमिनीच्या ताठरपणाचा अंदाज बांधता येतो.

पुढे या तंत्राला उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, पृष्ठभागाचे तापमान मोजणारे अवरक्त संवेदक आणि चालकासमोरचा पडदा यांची जोड मिळाली. कोणत्या पट्ट्यावर किती फेऱ्या झाल्या, तेव्हा डांबर किती गरम होते आणि कुठे जागा सुटली, हे चालकाला रंगीत नकाशावर तत्क्षणी दिसते. अनुभवी चालक हे पूर्वी अंदाजाने ओळखत असत. पण रात्रीच्या अंधारात कोणती पट्टी दोनदा झाली आणि कोणती राहिली, याचा हिशेब ठेवणे त्यांनाही कठीण जाई.

रंगाची फसगत

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे यंत्र ताठरपणा मोजते, घनता नव्हे. आणि या दोन गोष्टी एक नाहीत. डांबर थंड झाले, की नीट न दाबताही ते कडक होते. अशा वेळी पडद्यावर आश्वासक आकडा उमटतो, पण आत पोकळी तशीच असते. दुसरे असे, की अवजड रोलरचे कंपन वरच्या थराखाली बरेच खोल जाते. त्यामुळे खालचा खडक वा दलदल वरच्या थराचा आकडा बिघडवू शकते. शिवाय सर्व जागी आकडा वाढवण्याच्या हट्टाने जास्त फेऱ्या मारल्या, तर खडीच फुटते.

म्हणून प्रत्येक कामाच्या आरंभी छोटा चाचणीपट्टा तयार करून यंत्राचे आकडे प्रत्यक्ष कोअरशी ताडून पाहावे लागतात. यंत्राने कोअरची गरज संपवलेली नाही. कोअर नेमका कुठे कापावा, हे मात्र ते सांगते. सोयीची जागा निवडण्याऐवजी नकाशावरची सर्वांत संशयास्पद जागा निवडता येते, हा त्याचा मोठा लाभ होय.

नोंद कोणाच्या ताब्यात?

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने आपल्या नवतंत्रप्रसाराच्या कार्यक्रमात २०१३-१४ या काळात या तंत्राचा पुरस्कार केला. मिनेसोटा आणि मिसुरी ही राज्ये त्यात विशेष पुढे राहिली. तेथील अनुभवातून उमगलेली गोष्ट तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. वेगवेगळ्या उत्पादकांच्या रोलरची माहिती एकाच पद्धतीने वाचता यावी, यासाठी ‘व्हेटा’ ही संगणकप्रणाली विकसित झाली. रस्त्याचा मालक असलेल्या विभागाला स्वतः नोंदी उघडून तपासता आल्या नाहीत, तर रंगीत नकाशा हे कंत्राटदाराचे सुशोभित प्रगतिपुस्तक ठरते.

भारताच्या रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने अलीकडे स्वयंचलित आणि बुद्धिमान यंत्रांच्या साह्याने रस्तेबांधणीचे धोरण पुढे आणले आहे. उपग्रहदिग्दर्शित ग्रेडर, बुद्धिमान रोलर आणि दोरीच्या आधाराविना चालणारा पेव्हर ही त्याची तीन अंगे. सुमारे ६३ किलोमीटरच्या लखनौ-कानपूर द्रुतगती मार्गावर त्याचा पथदर्शी वापर झाला. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु यंत्र भाड्याने मिळते, शिस्त मिळत नाही. दबाईच्या मूळ नोंदी दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत शासनाकडे राहतील का, आणि देयक अदा करण्यापूर्वी त्या तपासल्या जातील का, यावरच या खर्चाचे सार्थक अवलंबून आहे.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली. त्यामागचे नियोजन आणि श्रम निःसंशय मोठे होते. तरीही अशा बातम्यांतून आपल्याला किलोमीटर आणि तास मोजण्याची सवय जडते. रस्त्याचे आयुष्य मात्र तापमान, फेऱ्या आणि पोकळी ठरवते, आणि हे आकडे बातमीत कधी येत नाहीत. आता ते नोंदवणारे साधन उपलब्ध आहे. तेव्हा पुढच्या जुलैत खड्ड्याचे छायाचित्र आले, तर ‘तुमच्याकडे’ आणि ‘आमच्याकडे’ ही तुलना बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा : या जागेवरून रोलर किती वेळा फिरला, आणि त्याची नोंद कोणाकडे आहे?