‘त्यांच्याकडे कुटुंब आहे ना!’

अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला, की एक वाक्य ठरल्यासारखं येतं. दवाखान्यात येतं, सरकारी बैठकीत येतं, आणि खुद्द लॅटिनो घरांतली वडीलधारी मंडळीही ते अभिमानानं ऐकवतात : ‘त्यांना बाहेरच्या मदतीची तेवढी गरज नसते, त्यांच्याकडे कुटुंब आहे ना!’ आजीची स्मृती गेली, थोरल्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी लेकी, सुना, मावश्या मिळून निभावून नेतात. आणि प्रेमानं करतात म्हणून करणाऱ्यांना त्याचं ओझं वाटत नाही. हे ऐकून मराठी वाचकाला आपल्याच घरातलं कुणी बोलतंय असं वाटलं, तर नवल नाही.

यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं चूक आहे, आणि खऱ्याच्या आडोशानं ते वर्षानुवर्षं खपत आलं आहे.

आधी खरं काय ते. 2020च्या जनगणनेत अमेरिकेतल्या हिस्पॅनिक-लॅटिनो लोकांची संख्या 6 कोटी 21 लाख भरली, म्हणजे लोकसंख्येच्या 18.7 टक्के. कुणाचं मूळ मेक्सिकोत, कुणाचं प्वेर्तो रिको, क्युबा, एल साल्वादोर किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताकात. पण कुटुंबाला सगळ्यांत वरचं स्थान देण्याची वृत्ती बहुतेकांत आढळते. संशोधक तिला ‘फॅमिलिस्मो’ म्हणतात. फाबियो साबोगाल आणि सहकाऱ्यांनी 1987 साली तिचे तीन पदर वेगळे करून मोजले : कुटुंबासाठी केलंच पाहिजे ही कर्तव्याची भावना, कुटुंब आपल्या पाठीशी आहे ही खात्री, आणि कसं वागावं हे घरच्यांकडे पाहून ठरवणं. माणूस अमेरिकेत मुरत जातो तसे पहिला आणि तिसरा पदर विरत जातात, मधला मात्र टिकून राहतो, असं त्यांना दिसलं.

या मायेचा रुग्णाला फायदाही होतो. स्टीव्हन लोपेझ आणि सहकाऱ्यांनी 2004 साली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोऱ्या अमेरिकी घरांत, रुग्णावर सतत टीका होते की नाही यावर आजार उलटण्याची शक्यता अवलंबून होती. मेक्सिकन-अमेरिकन घरांत निर्णायक ठरला तो घरातला जिव्हाळा. जिथे तो कमी, तिथे आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण जास्त. तेव्हा कुटुंबाचं कौतुक करणारे लोक हवेत बोलत नाहीत.

रुग्णाचं इथवर ठीक. त्याला सांभाळणाऱ्याचं, म्हणजे शुभंकराचं काय?

इथे समजुतीची गाडी रुळावरून घसरते. मार्टिन पिंकार्ट आणि सिल्व्हिया सोरेन्सन यांनी घरच्या शुभंकरांवरच्या 116 संशोधनांचा एकत्रित धांडोळा 2005 साली मांडला. लॅटिनो शुभंकर गोऱ्यांपेक्षा अधिक काळजी घेतात, कर्तव्याची जाणीव त्यांच्यात अधिक तीव्र असते, नातेवाइकांची मदतही त्यांना अधिक मिळते. इतकं सगळं अनुकूल असूनही त्यांच्यात नैराश्य गोऱ्या शुभंकरांपेक्षा जास्त आणि शारीरिक प्रकृती खालावलेली. कुटुंब मोठं म्हणजे मनावरचा भार हलका, हे गणित तिथे जुळत नाही.

सँडी मगान्या यांच्या गटाचा 2007चा अभ्यास आणखी बोचरा आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रौढ नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 85 लॅटिनो शुभंकरांची त्यांनी पाहणी केली. त्यांतले 40 टक्के नैराश्याच्या धोक्याच्या पातळीवर होते. काळजीचं ओझं हे एक कारण होतंच. शिवाय ‘लोक काय म्हणतील’ ही धास्तीही त्यांना पोखरत होती. ज्या घराला आपण सुरक्षित किल्ला समजतो, त्याची दारं-खिडक्या आजार दिसू नये म्हणून आतून लावून घेतलेल्या असतात.

असं का होतं, याचं उत्तर साबोगाल यांच्या त्या तीन पदरांतच आहे. ‘माझ्यामागे माणसं आहेत’ आणि ‘हे मलाच केलं पाहिजे’ या दोन भावना एकाच फॅमिलिस्मोच्या नावाखाली नांदतात, पण त्यांचा मनावरचा परिणाम सारखा नसतो. बॉब नाइट आणि फिलिप सायेघ यांनी 2010 साली वेगवेगळ्या समाजांतल्या शुभंकरांवरचं संशोधन तपासून हाच मुद्दा पुढे आणला : नुसत्या कर्तव्यभावनेनं ओझं हलकं होत नाही, उलट ती माणसाला प्रश्नाकडे पाठ फिरवायला लावते, आणि त्याची किंमत तब्येत मोजते. ‘कुटुंब सांभाळतं’ या वाक्यातलं कुटुंब प्रत्यक्षात बहुतेकदा एकच बाई असते. बाकीचे रविवारी येतात, जेवतात, ‘तू किती करतेस गं’ म्हणतात आणि आपापल्या गाडीत बसतात.

तिचं वयही ध्यानात घ्यावं. 2020च्या एका देशव्यापी अहवालानुसार अमेरिकेत 5 कोटी 30 लाख लोक घरच्या कुणाची तरी काळजी घेत होते, त्यांतले 17 टक्के हिस्पॅनिक. गोऱ्या शुभंकरांचं सरासरी वय 52च्या पुढे, हिस्पॅनिकांचं 43च्या आसपास. म्हणजे नोकरी टिकवायची, मुलं शाळेत, आणि आतल्या खोलीत रात्री दोनला उठून ‘मला घरी जायचंय’ म्हणणारी आई.

कुटुंबाची एवढी वाखाणणी करणारी व्यवस्था या बाईला देते काय? 1993च्या केंद्रीय रजा कायद्यानं 12 आठवड्यांची रजा दिली. पण बिनपगारी, किमान 50 कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीत, आणि तीही जोडीदार, अपत्य किंवा आई-वडील यांच्यासाठीच. आजी, सासू, भाऊ, मावशी त्यात नाहीत. कॅलिफोर्नियानं 2004 पासून अशा काळजीसाठी पगारी रजा सुरू केली आणि आणखी दहा वर्षांनी, 2014 साली, त्यात सासू-सासरे, आजी-आजोबा आणि भावंडं आली. भाषणातलं कुटुंब गोतावळ्याएवढं असतं, रजेच्या अर्जावरचं चौकोनी.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर त्यावर इतकी शाई घालवायचं कारण नव्हतं. पण तो मदत न देण्याची सबब बनतो. घरात चार माणसं दिसली की बाहेरच्या सोयीची चिठ्ठी लिहायला पेन उघडलं जात नाही. आणि घरातल्या बाईनं तोंड उघडलं, तर तिला कृतघ्न ठरवायला नातेवाईक तयारच असतात.

याच समजुतीची धाकटी बहीण म्हणजे ‘ते लोक उपचार घेतच नाहीत, त्यांची संस्कृतीच तशी.’ आकडा तर खरा आहे. मानसिक आजार असलेल्या प्रौढांपैकी 2021 साली उपचार मिळालेले गोरे 52.4 टक्के, हिस्पॅनिक 36.1 टक्के. पण दोष संस्कृतीच्या माथी मारण्यापूर्वी लिसा कूपर यांच्या गटाचा 2003चा अभ्यास पाहायला हवा. नैराश्य असलेल्या रुग्णांना त्यांनी विचारलं, कोणता उपचार पटतो? हिस्पॅनिकांनी औषधाच्या गोळ्यांबद्दल गोऱ्यांपेक्षा जास्त नाखुशी दाखवली, हे खरं. समुपदेशनाला मात्र त्यांनी गोऱ्यांपेक्षा जास्त पसंती दिली. बोलायला तयार असलेल्या माणसांबद्दल ‘ते बोलत नाहीत’ असं ठोकून देणं सोपं आहे. पण बोलायचं कुणाशी? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेच्या 2015च्या पाहणीत स्पॅनिशमधून सेवा देऊ शकणारे जेमतेम 5.5 टक्के निघाले. पासष्टच्या आतल्या हिस्पॅनिकांपैकी 2022 साली सुमारे 18 टक्क्यांकडे आरोग्य विमाच नव्हता. गोऱ्यांत हे प्रमाण 7 टक्क्यांच्या आत होतं.

भीती वेगळीच. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड नाकारलं जाऊ शकतं, असा नियम ट्रम्प सरकारनं 2018 साली प्रस्तावित केला. तो 2020 साली लागू झाला आणि 2021 साली मागे पडला. पण नुसत्या प्रस्तावाच्या वर्षीच, स्थलांतरित कुटुंबांतल्या साधारण दर सातांतल्या एका प्रौढानं स्वतः किंवा घरातल्या कुणीतरी सरकारी योजना टाळल्याचं पाहणीत सांगितलं. आणि डॉक्टरांपुढे दुभाषी म्हणून कोण बसायचं? पुष्कळदा शाळकरी मुलगी. आईला रात्री कसले विचार येतात, हे तिला इंग्रजीत सांगावं लागायचं. आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलांकडून असं दुभाषीपण करून घेऊ नये, असा नियम 2016 साली आला, तोवर ही रीतच होती.

मदत माणसाच्या भाषेत आणि त्याच्या दारात नेली तर काय होतं, याचे पुरावे आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या 642 शुभंकरांवर अमेरिकेतल्या पाच शहरांत मोठी चाचणी झाली. निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. गोरे, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक साधारण एकेक तृतीयांश. सहा महिन्यांत घरी नऊ भेटी, तीन फोन, शिवाय फोनवरूनच पाच गटबैठका. रुग्ण चिडला तर काय करायचं, स्वतःची झोप कशी राखायची, भावाला ‘आठवड्यातला एक दिवस तुझा’ हे कसं सांगायचं, असलं साधं शिक्षण. हिस्पॅनिक शुभंकरांचं जगणं मोजण्याइतकं सुधारलं. एकूण सहभागींत नैराश्याचं प्रमाण मदत मिळालेल्यांत 12.6 टक्के राहिलं, न मिळालेल्यांत 22.7 टक्के.

खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी फोटोनोव्हेला आहे : छायाचित्रांची, संवादांच्या फुग्यांची, टीव्ही मालिकेसारखी चटकदार पुस्तिका. स्टॅनफर्डच्या डोलोरेस गॅलॅघर-थॉम्प्सन यांनी स्मृतिभ्रंशाच्या शुभंकरांसाठी ती स्पॅनिशमध्ये करून पाहिली. नेहमीच्या माहितीपत्रकापेक्षा तिनं नैराश्याची लक्षणं अधिक कमी केली. विद्वानांनी नाक मुरडलं तरी बायका ती वाचतात. टेक्सासमध्ये तर गोव्याची वाट धरली गेली आहे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले, आणि त्याचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्याच धर्तीवर टेक्सासमधल्या वस्त्यांतल्या आरोग्यसेविकांना आता शिकवलं जातं.

बाकीच्या समजुती थोडक्यात. ‘विसरणं म्हणजे म्हातारपणच’ : नाही, अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंशांचा धोका वृद्ध हिस्पॅनिकांत गोऱ्यांच्या सुमारे दीडपट आहे आणि निदान उशिरा झालं की शुभंकराची फरफट वाढते. ‘किंचाळून, थरथरून कोसळतात ते सगळं नाटक’ : प्वेर्तो रिकोत 1985च्या पुरानंतर झालेल्या पाहणीत सुमारे 16 टक्के लोकांनी असा झटका कधीतरी आल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात नैराश्य, चिंताविकार इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ‘नव्यानं आलेलेच जास्त आजारी’ : कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो परगण्यातल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांत 1998चं चित्र उलटं होतं, आयुष्यात कधीतरी मनोविकार झालेले स्थलांतरित 24.9 टक्के, अमेरिकेत जन्मलेले 48.1 टक्के. ‘मग सगळ्याच लॅटिनोंचं तसं असणार’ : तेही नाही, मार्गारिता अलेग्रिया यांना 2008 साली प्वेर्तो रिकन लोकांत असा फरक आढळला नाही. आणि ‘संकटात फोन केला तर पलीकडे इंग्रजीच’ : 988 ही राष्ट्रीय मदतवाहिनी जुलै 2022 पासून चालू आहे, तिथे 2 दाबलं की स्पॅनिश बोलणारा समुपदेशक येतो, आणि जुलै 2023 पासून त्याच क्रमांकावर स्पॅनिशमधून मजकूर पाठवूनही बोलता येतं.