बुडी मारणाऱ्या पाहुण्यांच्या मागावर

पहाटे ४.३०

जानेवारी म्हणजे पाणपक्षी गणनेचा महिना. १९८७ पासून आशियातल्या देशांत याच दिवसांत तळ्यातळ्यांवर पक्षी मोजले जातात. आमच्या वाट्याला गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली तळी येतात. प्रतापगडाचा डोंगर अजून काळोखात आहे. वरचं महादेवाचं देऊळ दिसत नाही आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही दिसत नाही. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आज रस्त्यावर कुत्रंही नाही. विदर्भातल्या कडाक्याच्या थंडीच्या बातम्यांत गोंदियाचं नाव नेहमी वर असतं, त्यामुळे मफलर, कानटोपी आणि दोन स्वेटर अंगावर चढवूनच निघायचं. आम्ही ज्यांना मोजायला निघालोय, ते मात्र इथल्या थंडीला ऊब समजून आलेत.

दुर्बीण, टेलिस्कोप, वही, दोन पेन्सिली. थंडीत पेन चालत नाही.

सकाळी ६.००

गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून इटियाडोह धरण बांधलं आहे. पाण्यावर धुकं इतकं दाट, की दहा हातांवरचा डोंगा दिसत नाही. ढिवर काका रात्री टाकलेली जाळी काढायला निघालेत.

"काका, लालसरी आहेत का यंदा?"

"आहेत ना जी. पण उजेड पडू द्या, मंग दिसतीन."

काकांना पक्षी पुस्तकातून ठाऊक नाहीत. जाळ्याच्या कामातून त्यांची ओळख झालेली आहे. कोणता पक्षी कुठे उतरतो आणि कुठे बुडी मारतो, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा बरोबर माहीत असतं. आज जाळ्यात रोहू, कटला आणि एक मरळ निघाली. एका टोकाला मात्र एक छोटी लालसरी अडकून मेलेली होती. चाऱ्यासाठी खाली गेली असेल, अंधारात नायलॉनचा धागा दिसला नसेल, आणि वर यायला दम पुरला नसेल. काकांनी तिला हळू हातांनी सोडवलं आणि काठावर ठेवलं. छोटी लालसरी बहुधा रात्री चरते आणि दिवसा पाण्यावर थव्यात झोपते. रात्री टाकायची जाळी आणि रात्री चरणारं बदक, दोघांचीही वेळ एकच. जगभर या जातीची संख्या घसरली आहे आणि २०१५ पासून ती धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, हे काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जाळं झटकून घडी घालत राहिले.

सकाळी ८.००

धुकं विरलं. मोजायला सुरुवात. आधी थव्यातले दहा पक्षी नजरेत धरायचे, मग तेवढी तेवढी जागा पुढे सरकवत जायचं. चांदवे, थापटे, गडवाल, अडया. अडया इथल्याच, बाकीचे बहुतेक बाहेरचे. त्यांच्या पलीकडे, खोल पाण्यावर, नारिंगी डोक्यांची रांग. मोठी लालसरी.

सकाळी ९.००

आता तासभर फक्त तिच्याकडे पाहायचं. गणनेला याची गरज नाही, पण हे न पाहता पुढे जाववत नाही.

नराचं डोकं तांबूस-नारिंगी, चोच पोवळ्यासारखी लाल. मादी तपकिरी, गाल फिके. ती मान किंचित ताणते, पिसं अंगाशी घट्ट आवळते, छोटीशी उसळी घेते आणि डोक्यानं खाली जाते. पाण्यावर वर्तुळं उरतात. दहा-पंधरा सेकंदांनी ती बुचासारखी वर येते आणि चोचीत पाणवनस्पतीचा हिरवा तुरा लोंबत असतो.

पिसं आवळण्यातच सगळी गंमत आहे. पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून तारकर्लीला स्कूबा करणाऱ्याला पातळ पोशाख पुरतो, पण थंड प्रदेशात गेलेल्या पाणबुड्याला ड्रायसूट घालावा लागतो. त्या सूटच्या आत हवेचा थर असतो आणि तो थर ऊब धरतो. पण हीच हवा माणसाला वर ढकलते, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. थंड देशात नव्यानं गेलेला पाणबुड्या सुरुवातीचे दिवस हवा आणि वजन यांचा मेळ बसवण्यातच घालवतो. लालसरीची अडचण नेमकी हीच. पिसांखालची हवा तिला गरम ठेवते आणि बुडू देत नाही. वजनं नाहीत, म्हणून ती बुडीआधी हवा पिळून काढते आणि खाली गेल्यावर पाय मारत राहते. दोन मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा साधारण एक पंचमांशाने वाढतो, उरलेली हवा त्या प्रमाणात आवळली जाते आणि खाली टिकणं थोडं सोपं होतं. सिलिंडरमधली दाबलेली हवा ती घेत नाही. एका श्वासावर जाते आणि एका श्वासावर परत येते.

तिचे पाय शरीराच्या बरेच मागे आहेत. पाण्याखाली तेच कामी येतात, जमिनीवर मात्र ती डुलत चालते. पायांतल्या शिरा आणि धमन्या एकमेकींना लगटून जातात, त्यामुळे खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देतं आणि अंगातली उष्णता पाण्यात फारशी वाया जात नाही. कझाकस्तान आणि मध्य आशियातली तिची तळी हिवाळ्यात गोठतात. अंगाला थंडी सोसते, पण बर्फाखालचा चारा चोचीला लागत नाही. स्थलांतर घडतं ते चाऱ्यापायी.

एक नर वर आला आणि तोंडातला तुरा त्यानं मादीपुढे धरला. जोडी जमवायची या जातीची ही रीत. शेजारी दोन गडवाल टपून बसले होते. त्यांना खोल बुडी जमत नाही, म्हणून चांदवा वर आला की त्याच्या चोचीतलं ओढून घेतात. इथल्या तळ्यावर हिवाळाभर हा व्यवहार चालतो.

सकाळी ११.३०

गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत चहा. १९७२ मध्ये वसलेली ही नोर्ग्येलिंग वसाहत. तेव्हा जिल्हा भंडारा होता, गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला. बर्फाच्या पठारावरून आलेली माणसं झाडीपट्टीच्या मे महिन्यात कशी राहिली असतील, हा विचार दर वेळी मनात येतो. त्यांनी इथे धान पिकवला, मठ उभारला आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जाण्याचा धंदा धरला. आज अर्धी घरं बंद आहेत, कारण धंद्याचे हेच दिवस आहेत. पट्टकादंब हंस तिबेटच्या याच पठारावरून हिमालय ओलांडून येतात. इथल्या एका आजीला आम्ही दुर्बिणीतून तळ्यावरची जोडी दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

दुपारी १.३०

नवेगावबांध. कोलू पाटील कोहळी यांनी हे तळं बांधलं, असं इथली परंपरा सांगते. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेली वर्षं आणि इथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांची संगत मराठी वाचकाला ठाऊकच आहे. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. बांधावर बसून शिदोरी सोडली. थवे लांब होते आणि उन्हाच्या चकाकीत मोजणी अवघड झाली. नोंद केली, पण हा आकडा कच्चा समजायचा.

दुपारी ३.३०

शेवटची तळी लहान, माजी मालगुजारी. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. एकाच्या पाण्यात काही नाही: खाली नुसता गाळ, कडेला बेशरमाची झुडपं. इथे चांदवेसुद्धा मोजकेच. दुसऱ्या तळ्यात पाण्याखाली हायड्रिला दिसते, काठाला देवधान उभं आहे. इथे लालसरी आहेत.

हा फरक आपोआप पडलेला नाही. मनीष राजनकर आणि पतीराम तुमसरे यांनी ढिवर समाजाच्या जुन्या जाणकारीचा आधार घेऊन तळ्यांत पाणवनस्पती लावायचं काम या तालुक्यात उभं केलं. निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना त्यात आणलं. बेशरम उपटायचा, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडलेली जमीन नांगरायची आणि पावसाच्या तोंडावर रोपं लावायची. देशी मासे परत यावेत हा त्यामागचा हेतू. मासळी या झाडोऱ्यात अंडी घालते, पिल्लं त्यातच लपतात. लालसरीचा विचार करून कुणी चिखलात उतरलं नव्हतं. पण कझाकस्तानातून येणाऱ्या बदकाचं ताट त्याच चिखलात वाढून ठेवलं गेलं. तळ्याचा तळ हिरवा असला तर ढिवराच्या डालीत मासळी येते आणि पाण्यावर पाहुणा उतरतो, हे या दोन तळ्यांकडे पाहून कुणालाही पटेल.

सायंकाळी ५.३०

सूर्य टेकला. दिवसभर झोपलेल्या छोट्या लालसरी जाग्या झाल्या. पंख झाडायला लागल्या आणि एकेक करून खोल पाण्याकडे सरकल्या. त्यांची कामाची वेळ आता सुरू होते.

रात्री ८.००

तक्ता भरला: तळ्याचं नाव, वेळ, जात, संख्या. शेऱ्याच्या रकान्यात जाळ्यात मेलेल्या लालसरीची नोंद केली. ती नोंद लपवून काही साधत नाही.

मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. जिथे वनस्पती लावल्यात त्या तळ्यात ग्रास कार्पचं बीज सोडू नका, तो मासा गवतावरच जगतो आणि लावलेलं सगळं फस्त करतो. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, निदान झाडोऱ्याच्या पट्ट्यात तरी, रात्रीची जाळी टाकू नका. लालसरी मार्चपर्यंत परत जातात, त्यानंतर तो पट्टा तुमचाच आहे. तुमच्या गावच्या तळ्यात रोपं लावायची असतील तर हा विषय मे महिन्याच्या बैठकीतच घ्या. पाणी भरल्यावर लावणी होत नाही.