रक्त देण्याची सुरक्षितता आणि न देण्याचे शास्त्र

रक्तगट जुळला की रक्त चढवण्यातील धोका संपला, असा सर्वसाधारण समज असला, तरी तो अपुरा आहे हे मुंबईतच सिद्ध झाले. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा प्रतिजन, म्हणजे पेशीची ओळख ठरवणारा घटक, नसतो. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट ‘ओ’ भासतो, पण ‘ओ’ रक्त दिल्यास त्यांच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या पेशी नष्ट करू लागतात. म्हणूनच दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून पाहण्याची ‘क्रॉसमॅच’ चाचणी रक्तपेढी करते, आणि तिला लागणारा वेळ नातेवाइकांना कितीही असह्य वाटला, तरी तो वाया गेलेला नसतो.

संसर्गाचा धोका टाळण्यासाठी भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’, उपदंश (सिफिलिस) आणि हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. तथापि लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही काळ जातो. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी ‘नॅट’ चाचणी हा काळ कमी करते, पूर्णपणे पुसत नाही. त्यामुळे दात्याने आपली माहिती खरी सांगणे निर्णायक ठरते, आणि पैशासाठी रक्त देणाऱ्याला ती लपवण्याचा मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली, ती याच कारणाने. याखेरीज एकाची पिशवी दुसऱ्याला लावली जाण्याची साधी मानवी चूकही प्राणघातक ठरू शकते.

या साऱ्यामुळे वैद्यकशास्त्र आता रक्ताची गरजच कमी करण्याकडे वळले आहे, आणि हे वळण आपल्याकडे अधिक वेगाने यायला हवे. कॅनडात अतिदक्षता विभागातील ८३८ रुग्णांवर झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचे धोरण, १० च्या खाली जाताच रक्त देण्याच्या धोरणाइतकेच सुरक्षित आढळले. हृदयविकाराच्या रुग्णांसाठी मात्र अधिक सावधगिरी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय गोळ्यांनी किंवा शिरेतून लोह देऊन प्रसूतीपूर्वीच भरून काढता येतो, त्यासाठी बाटलीभर रक्ताची वाट पाहणे ही उपचारांतील हेळसांडच होय. रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रानेक्झामिक अॅसिड अपघातानंतर किंवा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात पहिल्या तीन तासांत दिल्यास मृत्यू टळतात. मोठ्या शस्त्रक्रियांत रुग्णाचे सांडलेले रक्त यंत्राने गोळा करून, धुऊन त्यालाच परत देता येते.

थॅलेसेमियाग्रस्त मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी लागतातच, आणि इतरत्र वाचलेली प्रत्येक पिशवी त्यांच्या उपयोगी पडू शकते.